मराठी मदतपुस्तिका पडद्यावर द्यायची, तर सॉफ्टवेअर कसे निवडावे

सकाळचे साडेसहा. गावातल्या दूध संस्थेत संकलन चालू आहे, दारात किटल्या घेऊन रांग लागली आहे. संगणकावर 'आजच्या तारखेचे दरपत्रक नाही' असा संदेश येतो आणि सचिव एफ-वन ही मदतीची कळ दाबतो. पुढच्या अर्ध्या मिनिटात दरपत्रक लावण्याची कृती त्याच्यासमोर आली, तर पुस्तिका कामाची. नाही आली, तर तो फोन लावणार. पुस्तिका कितीही देखणी असली, तरी त्या सकाळी तिचा उपयोग शून्य.

हिशेबाचे, पतसंस्थेचे, दूध संकलनाचे सॉफ्टवेअर विकणारे किंवा यंत्रे बनवणारे, आणि ज्यांचा ग्राहक मराठीत वाचतो, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरणाला दूध संस्थेचेच सॉफ्टवेअर धरले आहे. पुस्तिका तयार करण्याच्या साधनांचे तुलनातक्ते पुष्कळ मिळतात, पण ते इंग्रजी पुस्तिका गृहीत धरून केलेले असतात. देवनागरीतला शोध चालतो का, याला त्यात एक ओळही नसते, आणि मराठी पुस्तिका नेमकी तिथेच अडते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी वाचकाची जागा, मग फॉरमॅट, मग शोध, आणि साधनाचे नाव सगळ्यात शेवटी.

वाचक कुठे बसतो ते आधी पाहा

निरनिराळ्या प्रकारच्या निदान तीन ग्राहकांकडे प्रत्यक्ष जा. विचारून कागदावर लिहिण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. संगणकावर विंडोज कोणते, मेमरी किती, इंटरनेट आहे का आणि असेल तर कायम आहे की मोबाइलचे हॉटस्पॉट लावून? नवे सॉफ्टवेअर टाकायची परवानगी बसणाऱ्याला आहे का? मराठी टायपिंग कशावर होते: इनस्क्रिप्ट, फोनेटिक, की होतच नाही? फोन कोणता, आणि अडचण आली की तो माणूस पहिल्यांदा काय करतो?

टायपिंगचे उत्तर सहसा कोणी विचारत नाही, पण ते निर्णायक असते. ज्याला देवनागरी टंकता येत नाही, तो शोधचौकटीत 'दर' हा शब्द रोमन अक्षरांत लिहिणार. अशा वाचकांसाठी प्रत्येक पानाला रोमन अक्षरांतले दोन-चार शब्द जोडावे लागतात. साधनात पानागणिक न दिसणारे शोधशब्द देण्याची सोय हवी, ही अट इथूनच येते.

फॉरमॅट

सीएचएम हा विंडोजचा जुना, एका फाइलचा मदत-फॉरमॅट. तो १९९७ पासून आहे आणि आजही उघडतो, म्हणून कित्येक कंपन्या अजून तोच देतात. इंग्रजीसाठी त्याने उत्तम काम केले. मराठीसाठी मात्र तो घेऊ नका. त्याची अनुक्रमणिका, सूची आणि शोध युनिकोडवर नाही, विंडोजच्या जुन्या 'कोड पेज'वर, म्हणजे एकेका लिपीच्या अक्षर-तक्त्यावर, चालतात, आणि मराठी-हिंदीसाठी असे कोड पेज कधी बनलेच नाही. पानातला मजकूर नीट दिसतो, पण डाव्या बाजूच्या यादीत प्रश्नचिन्हे येतात आणि शोध रिकामा परततो. दुसरी अडचण सुरक्षिततेची. २००५ च्या एका सुरक्षा-सुधारणेनंतर नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमधली सीएचएम उघडली, तर यादी दिसते आणि उजवी बाजू कोरी राहते. मेलमधून आलेल्या फाइलचेही तेच होते. मेलमधल्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे अनब्लॉक, एवढे केल्यावर पान दिसते. पण हे ग्राहकाला फोनवर समजावत बसणे म्हणजे एका पुस्तिकेसाठी दुसरी पुस्तिका. त्याच्याही आधीचा एचएलपी फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून सोबत मिळेनासा झाला. कोणाकडे त्यातल्या पुस्तिका पडून असतील, तर मजकूर काढून घ्या आणि फॉरमॅट सोडा.

पीडीएफ लागतेच. ती छापता येते, व्हॉट्सॲपवर पाठवता येते, फोनवर उघडते. पण ए-फोर आकाराची दोनशे पानांची एकच पीडीएफ सहा इंची पडद्यावर कोणी वाचत नाही. छापण्यासाठी ती अखंड ठेवा आणि फोनसाठी विषयवार दोन-तीन पानांच्या ए-फाइव्ह पीडीएफ वेगळ्या काढा. 'दहा दिवसांचे बिल कसे काढावे' एवढीच दोन पाने सचिवाला पाठवली, तर ती वाचली जातात. एकाच मूळ मजकुरातून दोन्ही निघाल्या पाहिजेत. हाताने तोडून ठेवलेल्या फाइली दुसऱ्याच आवृत्तीत मागे पडतात.

पीडीएफमधला मराठी मजकूर डोळ्यांना ठीक दिसतो म्हणून ठीक असतोच असे नाही. फाइल उघडा, 'निर्णय', 'विद्यार्थी', 'क्रिया', 'दुसऱ्या' हे शब्द असलेली ओळ कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. वेलांटी अक्षराच्या अलीकडे-पलीकडे गेली, रफार गायब झाला, जोडाक्षराच्या जागी चौकोन आला, तर त्या फाइलमध्ये शोध चालणार नाही. कारण असे की पीडीएफमध्ये अक्षरांऐवजी फाँटमधली चित्रे क्रमाने ठेवलेली असतात, आणि चित्रापासून अक्षराकडे परत जाण्याचा तक्ता पीडीएफ बनवणाऱ्या साधनाने नीट लिहिलेला नसतो. वर्डमधून जतन केलेली पीडीएफ आणि ब्राउझरमधून छापलेली पीडीएफ या बाबतीत वेगवेगळ्या निघतात, तेव्हा दोन्ही तपासा. याहून मोठा दोष लगेच दिसतो: 'कि' ऐवजी वेलांटी 'क'च्या उजवीकडे, आणि 'क्ष'च्या जागी पाय मोडलेला 'क' आणि शेजारी 'ष'. असे दिसले की ते साधन देवनागरीची जुळणीच करत नाही. फाँट बदलून हे सुटत नाही. साधनच बदलावे लागते.

ईपब या ई-पुस्तकांच्या फॉरमॅटचा विचार फोनवर लांब वाचन असेल तरच करा. त्याला वेगळे ॲप लागते, आणि मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये ईपब उघडण्याची सोय होती तीही २०१९ मध्ये गेली.

राहिले एचटीएमएल, आणि बहुतेकांसाठी तेच मुख्य. त्याचे तीन प्रकार एकमेकांपासून वेगळे धरा. संकेतस्थळावरची पाने, सॉफ्टवेअरबरोबर ग्राहकाच्या डिस्कवर जाणारी पाने, आणि फोनवर पाठवायची एकच फाइल. साधन पहिल्या प्रकारात उत्तम असले, तरी दुसऱ्यात साफ अडू शकते. साध्या मजकुराच्या फाइलींतून पाने बांधणाऱ्या तीन मुक्त साधनांवर हे पाहा. एमकेडॉक्सने बांधलेली पाने नेहमीच्या मांडणीत डिस्कवरून उघडली, तर दुव्यावर टिचकी मारल्यावर पानाऐवजी फोल्डरमधल्या फाइलींची यादी समोर येते. मांडणीत फोल्डर-पद्धतीचे पत्ते बंद केले की दुवे सुटतात, पण शोध बंदच राहतो, कारण डिस्कवरच्या पानाला शेजारची शोधसूची वाचू द्यायला ब्राउझर तयार नसतो. मटेरियल या त्याच्या लोकप्रिय सजावटीत ऑफलाइनसाठी वेगळी जोडणी आहे, ती लावावी लागते. डॉक्युसॉरस मुळात वेब सर्व्हर गृहीत धरतो, त्याची पाने डिस्कवरून नुसती टिचकी मारून धड चालत नाहीत. स्फिंक्सची पाने मात्र शोधासकट डिस्कवरून चालतात, कारण त्याची सूची जावास्क्रिप्टची फाइल म्हणून पानाबरोबरच येते.

फोनवर एचटीएमएलची झिप पाठवू नका. ॲन्ड्रॉइडवर त्यातली एक फाइल उघडली, तर शेजारची चित्रे आणि सजावट तिला सापडत नाही. उघडाबोडका मजकूर दिसतो. चित्रे पोटात घेतलेली एकच फाइल किंवा पीडीएफ, हे दोनच मार्ग तिथे चालतात. फाइलींची नावे कुठेही रोमन अक्षरांतच ठेवा, जुन्या झिप साधनांत देवनागरी नावांची खिचडी होते.

फाँटही सोबत द्या. विंडोज ७ वर मंगल असतो आणि विंडोज ८ पासून निर्मला, पण पान ज्या फाँटवर जुळवले तोच तिथे असेल असे नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता हे फाँट मुक्त परवान्याचे आहेत, पुस्तिकेच्या फोल्डरमध्ये ठेवता येतात. गूगलच्या सर्व्हरवरून फाँट मागवणारी सजावट इंटरनेट नसलेल्या संस्थेत काहीच मागवू शकत नाही. पानाच्या सुरुवातीला भाषेची खूण 'मराठी' अशी घालायला विसरू नका. ती असली की जे फाँट मराठी आणि हिंदी वळणे वेगळी ठेवतात, ते 'ल' आणि 'श' मराठी वळणाने काढतात, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही मराठी आवाज निवडता येतो.

शोध: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

शोध चालतो म्हणजे काय होते, ते एका शब्दावर पाहू. सचिवाला दुधाच्या बिलातली कपात बदलायची आहे. तो 'कपात' लिहितो. शोधयंत्राला आधी मजकुराचे शब्द पाडावे लागतात. पायथन भाषेतल्या प्रमाण शब्द-नमुन्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे 'अक्षर' धरले जात नाहीत. त्यामुळे 'कपात' या शब्दाचे 'कप' आणि 'त' असे दोन तुकडे होतात. स्फिंक्सचा अंगभूत शोध याच नमुन्याने शब्द पाडतो, म्हणून मराठी पुस्तिकेत तो भलतीच पाने काढतो. लनर या शोध-लायब्ररीचे उलटे आहे. ती इंग्रजीच्या मांडणीत शब्दाच्या दोन्ही टोकांची 'अक्षर नसलेली' चिन्हे छाटते, आणि तिच्या लेखी सगळी देवनागरीच अक्षर नसलेली. शब्द छाटून छाटून रिकामा होतो आणि 'काही सापडले नाही' असे उत्तर येते. एमकेडॉक्सचा मूळ शोध लनरवर आहे. लनरच्या भाषासंचात हिंदीची जोडणी मिळते, ती लावली की देवनागरी शब्द निदान शाबूत राहतात. मराठी विभक्ती तिला कळत नाही, ती अडचण उरतेच.

ती अडचण मोठी आहे. 'दूध' शोधले तर 'दुधाचे', 'दुधात' सापडले पाहिजे. 'पावती' शोधले तर 'पावत्या' आणि 'पावत्यांची'. शब्दाच्या सुरुवातीवरून जुळवणारा शोध 'पावतीचा' काढतो, पण 'पावत्या' सोडतो. शिवाय एकच शब्द दोन प्रकारे टंकलेला असतो आणि दिसतो मात्र सारखा. 'ॲप'मधले पहिले अक्षर एक तर एकसंध 'ॲ' असते, किंवा 'अ' आणि वर चंद्र अशी दोन चिन्हे. एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, त्याआधीचा मजकूर दुसऱ्या पद्धतीचा आहे, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणातही हे दोन सारखे धरले जात नाहीत. 'दुसऱ्या', 'सुधारणाऱ्या' यांतला अर्धा र काही कळफलक 'ऱ' वापरून लिहितात, काही 'र', हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. लेखक एका पद्धतीने लिहितो, वाचक दुसऱ्या पद्धतीने शोधतो, आणि पान समोर असून सापडत नाही.

दोनशे पानांपर्यंतच्या पुस्तिकेला यावर एक साधा उपाय आहे, आणि तयार शोधयंत्रापेक्षा आम्ही तोच सुचवू. सूचीचा नाद सोडून सगळा मजकूर एका फाइलीत ठेवायचा आणि 'हा तुकडा त्यात आहे का' एवढेच पाहायचे. दोनशे पाने, पानाला तीनशे शब्द, म्हणजे साठ हजार शब्द. देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते, शब्दाला सरासरी सहा चिन्हे धरली तरी सगळा ऐवज एक-सव्वा मेगाबाइटचा. दहा वर्षांपूर्वीचा संगणकही तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चाळतो. जावास्क्रिप्ट येणाऱ्या माणसाचे हे दोन दिवसांचे काम आहे.

जुळवण्याआधी मजकूर आणि वाचकाने टंकलेला शब्द दोन्हींवर सारखेच संस्कार करा. दोन चिन्हांचा 'अॅ' एकसंध करा. 'ऱ'चा 'र' करा आणि न दिसणारी जोडचिन्हे काढून टाका. देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करा, कारण त्रुटी-क्रमांक कोणी कसाही टंकतो. दीर्घ ऊकार-ईकार ऱ्हस्व करा. शेवटी फक्त वाचकाने टंकलेल्या शब्दाच्या टोकाचा काना, मात्रा किंवा वेलांटी छाटा. आता 'दूध' झाले 'दुध', आणि मजकुरातल्या 'दुधाचे'मध्ये ते आहेच. 'पावती' झाले 'पावत', ते 'पावत्या'मध्येही आहे. 'खाते' झाले 'खात', 'खात्यातून' सापडले. 'बिल' आणि 'बील' एकच झाले. 'पैसे' आणि 'पैशांचे' मात्र यातून सुटतात, कारण तिथे 'स'चा 'श' होतो. अशा शब्दांची छोटी यादी हाताने करून पानाच्या शोधशब्दांत टाका. त्याच यादीत लोकांचे बोलीतले शब्दही घाला. पुस्तिका 'देयक' म्हणते आणि सचिव 'बिल' म्हणतो. पुस्तिकेतही 'बिल'च लिहावे, पण जुन्या मजकुरात अशा जागा राहतातच.

पुस्तिका पाचशे पानांच्या वर गेली, किंवा पाच-सहा उत्पादनांच्या पुस्तिका एकत्र शोधायच्या असतील, तर हा उपाय अपुरा पडतो. मग सर्व्हरवरचे शोधयंत्र घ्या आणि त्यात हेच संस्कार बसवता येतात का, एवढे विचारा.

साधने

साधने तीन घरांत मोडतात. पहिले, साध्या मजकुराच्या फाइलींतून पाने बांधणारी मुक्त साधने: स्फिंक्स, एमकेडॉक्स, ह्यूगो, डॉक्युसॉरस, ॲस्कीडॉक्टर. दुसरे, लिहिण्यापासून बांधणीपर्यंत सगळे एका खिडकीत देणारी विकत साधने: मॅडकॅप फ्लेअर, ॲडोबी रोबोहेल्प, हेल्पअँडमॅन्युअल, हेल्पएनडॉक. तिसरे, ब्राउझरमध्ये लिहून तिथेच प्रसिद्ध करणाऱ्या सेवा: डॉक्युमेंट३६०, गिटबुक, कॉन्फ्लुएन्स.

इंटरनेट नसलेला ग्राहक मोठ्या संख्येने असेल, तर तिसरे घर बहुधा बाद होते. पीडीएफ काढून देतो असे त्या सेवा सांगतात, ती मराठीत कशी निघते ते वरच्या कॉपी-चिकटव चाचणीने पाहा. लेखक संगणकाचे जाणकार नसतील आणि वर्डची सवय असेल, तर दुसऱ्या घराकडे झुका. तिथे मजकुराच्या अटी-शर्ती, म्हणजे 'हा परिच्छेद फक्त पतसंस्था आवृत्तीत' असे, माउसने लावता येते. प्रोग्रामर आणि लेखक एकाच खोलीत बसत असतील आणि कोड गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात असेल, तर पहिले घर. मूळ मजकूर साध्या फाइलींत राहतो, कोणी काय बदलले ते दिसते, परवान्याचा खर्च नाही. मराठी-इंग्रजी दोन्ही आवृत्त्या चालवायच्या असतील, तर स्फिंक्सचे एक बलस्थान ध्यानात घ्या: मूळ इंग्रजी वाक्य बदलले की त्याच्या मराठी अनुवादाला आपोआप 'पुन्हा पाहा' अशी खूण लागते. द्विभाषी पुस्तिकेत एक भाषा मागे राहणे हा नेहमीचा रोग, आणि एवढ्या सोयीने तो बराच आटोक्यात येतो. शोध मात्र स्वतःचा बसवा.

डीटा हे नाव ऐकाल. ओॲसिस या संस्थेचा पुस्तिका-लेखनासाठीचा तो मानक आराखडा २००५ पासून आहे, आणि हजारो पाने, अनेक उत्पादने, वीस-पंचवीस भाषा असा पसारा असेल तर त्यावरचा खर्च भरून निघतो. दोन लेखकांच्या कंपनीला तो झेपत नाही.

जुना मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये असेल, तर साधन घेण्याआधी तो युनिकोडमध्ये आणा. रूपांतरक वापरल्यावर रफार, वेलांटी आणि 'ऱ्य' असलेले शब्द डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच राहतात.

दोन दिवसांची चाचणी

विक्रेत्याच्या नमुन्यावर काही ठरवू नका. आपल्याच पुस्तिकेतली वीस पाने घ्या, आणि त्यांत सर्वांत रुंद तक्ता, सर्वांत जास्त चित्रांचे पान, सर्वांत लांब कृती आणि त्रुटी-क्रमांकांची यादी असू द्या. दोन किंवा तीन साधनांत तीच वीस पाने बांधा. तीनपेक्षा जास्त साधने घेतली की तुलना पुरी होत नाही.

मग मदतकेंद्राच्या फोन-नोंदवहीतून लोकांनी विचारलेले पंचवीस प्रश्न काढा आणि त्यांच्याच शब्दांत शोधा. योग्य पान पहिल्या तीन निकालांत आले तर एक गुण. पंचवीसपैकी वीस मिळाले नाहीत, तर ते साधन किंवा त्याचा शोध बाद. हे काम लेखकाने स्वतः करू नये, त्याला पुस्तिकेतला शब्द तोंडपाठ असतो. हिशेब विभागातल्या किंवा नव्याने आलेल्या माणसाला बसवा.

हीच पाने ग्राहकांकडे पाहिलेल्या सर्वांत मंद संगणकावर, इंटरनेटची तार काढून उघडा. पहिले पान यायला पाच सेकंदांहून जास्त लागत असेल, तर सजावटीतला बोजा कमी करावा लागेल. फोनवर उघडून रुंद तक्ता पाहा: आडवा सरकतो की पानच फाडतो? छापून पाहा. पानात मराठी ओळी एकमेकींवर चढतात का ते बघा. इंग्रजीसाठी ठरवलेल्या ओळ-अंतरात वरचा रफार आणि खालचा ऊकार भिडतात, ते अंतर अक्षराच्या १.६ पट तरी हवे.

शेवटची चाचणी बहुतेक जण करतच नाहीत. एक चुकीची ओळ दुरुस्त करा आणि घड्याळ लावा: ती ग्राहकाच्या पडद्यावर किती वेळाने, किती टिचक्यांनी पोहोचते? संकेतस्थळावर दहा मिनिटे ठीक. डिस्कवरच्या पुस्तिकेसाठी पूर्ण सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढावी लागत असेल, तर पुस्तिकेचे फोल्डर वेगळे बदलता येईल अशी सोय प्रोग्रामरकडून आधीच करून घ्या.

एफ-वन, दुवे आणि क्यूआर

पडद्यावरून थेट योग्य पानावर नेणारा दुवा तुटला की पुस्तिकेवरचा विश्वास उडतो, आणि मराठीत तो गुपचूप तुटतो. एमकेडॉक्स साध्या मजकुराची पाने करायला पायथन-मार्कडाउन ही लायब्ररी वापरते, आणि ती मथळ्यावरून दुव्याची खूण बनवताना इंग्रजीबाहेरची अक्षरे टाकून देते. 'कपात बदलणे' या मथळ्यातून काहीच उरत नाही, म्हणून खुणा नुसत्या क्रमांकाच्या होतात: पहिली, दुसरी, तिसरी. मध्ये एक नवा मथळा घातला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात, आणि कपातीसाठी दाबलेले एफ-वन दरपत्रकावर नेते. कोणतीही त्रुटी दिसत नाही. म्हणून प्रत्येक मथळ्याला हाताने, रोमन अक्षरांत, छोटी खूण द्या आणि एकदा दिलेली खूण कधी बदलू नका. पडद्याचा क्रमांक आणि खूण यांचा एकच तक्ता ठेवा. बांधणीच्या वेळी तो तपासणारी छोटी स्क्रिप्ट लावा, खूण सापडली नाही तर बांधणी थांबू दे.

पत्त्यात देवनागरी वापरण्याचा मोह टाळा. प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरे होते. 'पावती' हा पाच चिन्हांचा शब्द पंचेचाळीस अक्षरांचा होतो, आणि व्हॉट्सॲपवर चिकटवलेला असा दुवा पाहून लोक टिचकी मारायला घाबरतात.

यंत्रावर क्यूआर लावणार असाल, तर पत्ता बत्तीस अक्षरांच्या आत बसवा. मग २९ बाय २९ चौकटींचा क्यूआर पुरतो, आणि पंचवीस टक्के भाग खराब झाला तरी वाचता येईल अशी दुरुस्ती-पातळी त्यात घेता येते. तेल-ग्रीसच्या शॉपफ्लोअरवर ती हवीच. एक चौकट ०.८ मिलिमीटरची धरली आणि चारही बाजूंना चार-चार चौकटींची कोरी जागा सोडली, तर चिन्ह साधारण तीन सेंटिमीटरचे होते. पत्ता आपल्याच डोमेनचा असू द्या. फुकटच्या लघुपत्ता-सेवेवर पंधरा वर्षे चालणाऱ्या यंत्राची पाटी टांगू नका.

पैसा आणि बाहेर पडण्याची वाट

खर्च पाच वर्षांचा मांडा: लेखकागणिक परवाना, वाचकागणिक आकार असेल तर तो, साठवणीचे भाडे, आणि माणसांचे तास. शेवटचा आकडा जवळजवळ नेहमी सर्वांत मोठा निघतो. प्रत्येक आवृत्तीला पीडीएफचे तक्ते हाताने नीट करायला दोन दिवस जात असतील आणि वर्षाला चार आवृत्त्या असतील, तर पाच वर्षांत चाळीस दिवस झाले. 'फुकट' साधनाची ती किंमत.

साधन किंवा सेवा बंद होणे हा लांबचा धोका नाही. कॉन्फ्लुएन्सच्या सर्व्हर आवृत्तीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ ला संपला, फ्लॅशमधली शिकवणी-चित्रे २०२० च्या अखेरीस निकामी झाली. करार करण्याआधीच चाचणीतली वीस पाने बाहेर काढून पाहा. एचटीएमएल, मार्कडाउन किंवा एक्सएमएल असे उघड रूप मिळते का, चित्रांची नावे टिकतात का, पानांमधले आपापसांतले दुवे जिवंत राहतात का, शोधशब्द सोबत येतात का? फक्त पीडीएफ मिळत असेल, तर ती बाहेर पडण्याची वाट नव्हे.

युरोपला यंत्रे पाठवणाऱ्या पुणे-कोल्हापूरकडच्या कारखान्यांना आणखी एक अट आहे. युरोपीय संघाचा यंत्रसामग्री नियम २०२३/१२३० हा २० जानेवारी २०२७ पासून लागू होतो. तो वापर-सूचना डिजिटल रूपात द्यायला परवानगी देतो, पण त्या उतरवून घेता आणि छापता आल्या पाहिजेत, यंत्राच्या अपेक्षित आयुष्यभर आणि बाजारात आल्यापासून निदान दहा वर्षे ऑनलाइन उपलब्ध राहिल्या पाहिजेत, आणि खरेदीच्या वेळी ग्राहकाने मागितली तर कागदी प्रत विनामूल्य द्यावी लागते. बिगर-व्यावसायिक वापराच्या यंत्रांना सुरक्षिततेची आवश्यक माहिती कागदावर लागतेच. दहा वर्षांची ही अट वर्षाला नूतनीकरण होणाऱ्या सेवेवर टाकू नका. प्रत्येक आवृत्तीची बांधलेली पाने आणि पीडीएफ यंत्राच्या मालिका-क्रमांकाशी जोडून आपल्याच सर्व्हरवर ठेवा.

दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरलाही हीच सवय उपयोगाची आहे. ग्राहकाकडे आवृत्ती ४ चालू असताना मदत आवृत्ती ५ ची उघडली, तर त्याला न दिसणाऱ्या बटणांच्या सूचना वाचाव्या लागतात. आवृत्तीचा क्रमांक पत्त्यात आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ठेवा, आणि जुनी पाने शेवटचा ग्राहक नव्या आवृत्तीवर येईपर्यंत काढू नका.